‘वळू परत आणा’ म्हणणाऱ्यांना उत्तर: गाय नेमकी कुठे उलटते?

नीरेकाठ

दोन दिवस झाले, एक पोस्ट दूध उत्पादकांच्या प्रत्येक गटात फिरते आहे. थोडक्यात मजकूर असा: ‘कृत्रिम रेतन फसलं. स्ट्रॉमध्ये (गोठवलेल्या रेताच्या नळीत) नुसतं पाणी येतं. एकेक गाय चार-चार वेळा उलटते आणि डॉक्टर दर वेळी पैसे घेऊन जातो. गावात वळू होता तेव्हा एका उडीत गाय गाभण राहायची. रेतन बंद करा, गावोगाव वळू पाळा.’ यातलं ‘गाय उलटते’, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता परत माजावर येते, एवढंच खरं. बाकीचा सगळा दोष भलत्याच्या दारात नेऊन टाकलाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाय गाभण राहायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. माज बरोबर ओळखला गेला पाहिजे, रेतन वेळेवर झालं पाहिजे, रेत जिवंत राहून योग्य जागी पडलं पाहिजे आणि गाईची पिशवी (गर्भाशय) नि अंग तयार पाहिजे. ही चारही कामं प्रत्येकी ८० टक्के नीट झाली असं धरा आणि ०.८ चा चार वेळा गुणाकार करा. ४१ टक्के येतात. म्हणजे कुणाच्याही हातून मोठी चूक न होता शंभरातल्या साठ गाई उलटल्या. चारांतली एकच गोष्ट ५० टक्क्यांवर घसरली की उरतात २५-२६ टक्के. एवढं गणित न मांडता थेट स्ट्रॉवर खापर फोडणं हा अन्याय आहे.

सगळ्यात जास्त गळती माज ओळखण्यात होते. माजाचं चक्र २१ दिवसांचं, १८ ते २४ मध्ये कधीही. संकरित गाईचा माज १२ ते १८ तास टिकतो, उन्हाळ्यात त्याहून कमी. एकमेकींवर चढण्याचं वागणं जास्त करून संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या वेळात होतं, आणि तेव्हाच गोठ्यात माणूस नसतो. त्यात गाय दावणीला बांधलेली. ती चढणार कुणावर? मग आपण हंबरण्यावर आणि दूध कमी देण्यावर अंदाज बांधतो. मुका माज, म्हणजे बाहेरून खूण न दिसणारा, असेल तर तेही नाही.

सोट, म्हणजे माजावरच्या गाईच्या निरणातून (योनीतून) येणारा चिकट स्राव, बघायला शिका. माज सुरू होताना तो पातळ असतो. ऐन माजात काचेसारखा स्वच्छ, जमिनीपर्यंत लोंबणारा, दोन बोटांत धरून ताणला तर तार न तुटणारा. उतरत्या माजात घट्ट आणि पांढरट. शेपटीला, मांडीला वाळून बसलेली चकचकीत खपली दिसली तर माज बहुधा कालचा आहे. आणि माजानंतर एक ते तीन दिवसांत निरणातून थोडं रक्त येतं, ते बघून लोक म्हणतात, ‘गाय उलटली’. साफ चूक. रक्त फक्त एवढंच सांगतं की माज होऊन गेला. गाय गाभण आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पण तो माज हुकला असेल तर रक्ताची तारीख लिहून ठेवा आणि तिथून १८-१९ दिवसांनी गाईवर डोळा ठेवा.

स्त्रीबीज माज संपल्यावर १० ते १२ तासांनी सुटतं आणि काही तासच टिकतं. रेतालाही आत गेल्यावर फलनासाठी तयार व्हायला काही तास लागतात. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा (रेतन करा), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हे निम्म्या गोठ्यांत पाळलं जात नाही आणि वर म्हणायचं स्ट्रॉमध्ये पाणी आहे.

देशी_दावण

ती पोस्ट माझी नाही, पण मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. नीरेकाठ, तुमच्याच लिखाणातून माझा मुद्दा सिद्ध होतो. माज ओळखणं हीच मोठी गळती असेल तर माज ओळखणारा सगळ्यात पक्का प्राणी कोणता? वळू. त्याला सोटाची तार ताणून बघावी लागत नाही. तो रात्री दोन वाजताही ओळखतो आणि एका माजात तीन-चारदा उडतो, त्यामुळे वेळ आपोआप साधते.

आता रेताचं बघा. वळूच्या एका उडीत पाच-सात मिली रेत, मिलीला अब्जाच्या आसपास शुक्राणू. तुमच्या पाव मिलीच्या स्ट्रॉमध्ये गोठवण्याआधी दोन कोटी, आणि गोठवून वितळवल्यावर त्यांतले निम्मे हलले तरी ती पास. एवढ्या कमी मालावर वेळ, जागा, तापमान सगळं अचूक साधायचं, तेही अशा गावात जिथे रेतक (रेतन करणारा) दुसऱ्या दिवशी उगवतो.

आणि खिल्लार, डांगी, लाल कंधारी या गाईंचा माज लाजरा आणि आखूड असतो. संकरित गाईंसाठी लिहिलेलं वेळापत्रक त्यांना जसंच्या तसं कसं लावता? डांगीच्या डोंगरपट्ट्यात रेत गोठवून ठेवणारा द्रव नायट्रोजन पोचतो तरी का वेळेवर?

सरकारी मोहिमेचंही सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून देशव्यापी मोफत रेतन कार्यक्रम सुरू झाला. ६०० जिल्हे, जिल्ह्याला १०० गावं आणि २०,००० जनावरं असं लक्ष्य. लक्ष्य कशाचं? रेतनाचं. कानात बारा आकडी बिल्ला मारायचा, रेतन नोंदवायचं, पुढच्या गावाला. हिशेब गाभण गाईंवर ठरला असता तर कामाची पद्धतच वेगळी झाली असती. हा माझा खरा राग आहे आणि तो राहणार.

गन_आणि_शीथ

‘रेतक दुसऱ्या दिवशी उगवतो’ हे वाचून गप्प बसवत नाही. फोन कधी येतो ते सांगा की. गाय रात्री हंबरली, सकाळी धार काढताना सोट दिसला, दूध डेअरीला घालून आले, जेवण झालं, मग दुपारी दोनला फोन. तोवर माज उतरलेला. मी ‘आता भरण्यात अर्थ नाही’ म्हटलं तर मालक दुसऱ्याला बोलावतो, तो भरून पैसे घेऊन जातो, गाय उलटते आणि बदनाम होते सगळी जमात.

माज कधी सुरू झाला हे विचारलं तर तिघांची तीन उत्तरं. मालक म्हणतो आज सकाळी, बाई म्हणते काल संध्याकाळीच वैरण टाकली होती तिनं, गडी म्हणतो परवापासून. मी कोणती वेळ धरू? आणि बहुतेक ठिकाणी बाईचं उत्तर बरोबर निघतं, कारण शेण-वैरण तीच करते. गोठ्यात वही तिच्या हातात द्या.

पशुवैद्य_बालाघाट

गन_आणि_शीथ दादा, फोन उशिरा येतो हे शंभर टक्के खरं. पण रेत गाईपर्यंत जिवंत पोचवणं ही मालकाची जबाबदारी नाही, तुमची आहे, आणि त्यावर तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. म्हणून मी लिहिते.

कंटेनरमधला नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. रेताला धोका उणे १३० च्या वर सुरू होतो, कारण तिथून पुढे बर्फाचे स्फटिक पुन्हा वाढायला लागतात आणि शुक्राणूचं आवरण फाटतं. कंटेनरच्या मानेत वर येईल तसं तापमान झपाट्याने चढतं. कॅनिस्टर (स्ट्रॉ ठेवलेला डबा) मानेच्या काठापर्यंत उचलून ‘एचएफची कुठली, गीरची कुठली’ अशी जातींची नावं वाचत बसलं की हवी ती एक स्ट्रॉ निघते आणि उरलेल्या सगळ्या थोड्या थोड्या मरतात. त्या पुन्हा खाली सोडल्या की दिसायला जशाच्या तशा. पुढच्या आठवड्यातली गाय उलटते तेव्हा आजचं हे उचलणं कुणाला आठवत नाही. कॅनिस्टर काठाच्या दोन इंच खालीच थांबवायचा, चिमट्याने स्ट्रॉ काढायची, आठ सेकंदांत सापडली नाही तर कॅनिस्टर परत बुडवून थोडं थांबायचं. कुठल्या गॉब्लेटमध्ये (कॅनिस्टरमधल्या स्ट्रॉच्या पेल्यात) कुठला वळू हे झाकणावर लिहून ठेवलं तर शोधावंच लागत नाही.

नायट्रोजनची पातळी पट्टीने मोजा. पट्टी तळापर्यंत बुडवून दहा-पंधरा सेकंद ठेवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथपर्यंत पांढरं दव धरतं तेवढा नायट्रोजन. कंटेनर हलवून आवाजावरून अंदाज घेणं बंद करा.

वितळवणं: ३७ अंशांचं पाणी, ३० सेकंद, थर्मामीटर लावून. खिशात, काखेत, मुठीत किंवा गोठ्यातल्या बादलीतल्या पाण्यात वितळवलेली स्ट्रॉ मी स्ट्रॉ मानत नाही. हळूहळू वितळताना ती बराच वेळ धोक्याच्या पट्ट्यात राहते. वितळली की कागदाने कोरडी पुसा, कारण पाण्याचा थेंब रेतात गेला की शुक्राणू फुगून मरतात. हवेचा बुडबुडा सीलच्या बाजूला झटकून आणा आणि तिथे काटकोनात कापा. तिरकी कापली की शीथमध्ये, म्हणजे गन या रेतनाच्या नळीवरच्या आवरणात, नीट बसत नाही, दाब दिल्यावर रेत मागे पसरतं आणि आत जेमतेम अर्धं जातं. कापसाचं टोक गनमध्ये, कापलेलं टोक पुढे. थंडीत गन आधी हाताने चोळून कोमट करा. वितळल्यावर पंधरा मिनिटांच्या आत काम संपलं पाहिजे, चहा नंतर.

जागा: गर्भाशयाच्या तोंडाला तीन-चार कड्या असतात. शेवटची ओलांडली की गनचं टोक गुदाशयातल्या बोटाला एकदम स्पष्ट लागतं. तिथेच थांबायचं. पिशवीचा देह जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर लांब आहे. पुढे ढकललं तर गन एका शिंगात जाते आणि आतलं अस्तर खरवडतं. मागे राहिलं तर रेत कड्यांतच अडकून बाहेर येतं. दांडा पाच सेकंद घेऊन हळू दाबायचा.

गन_आणि_शीथ

मॅडम, प्रशिक्षणात हे सगळं शिकलोय, पुन्हा शिकवू नका. थर्मास आणि थर्मामीटर माझ्या पेटीत आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांचा राग माझ्यावर काढू नका. आणि नायट्रोजन आठवड्याच्या गाडीवर येतो, ती चुकली की कंटेनर रिकामा होत येतो, त्याचा जाब रेतकानेच द्यायचा का?

आता तुमच्या बाजूचंही बोलू. गाय दोनदा उलटली की तुमच्यातलेच काही न तपासता हार्मोनचं इंजेक्शन ठोकतात. तिसऱ्यांदा पिशवीत अँटिबायोटिक सोडतात. मालकाचा समज होतो की इंजेक्शनशिवाय गाय राहत नाही, आणि मग मी गेलो की पहिला प्रश्न, ‘माजाचं इंजेक्शन आणलंय का?’

पशुवैद्य_बालाघाट

हा आरोप खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. प्रोस्टाग्लँडिनचं, म्हणजे माजावर आणायचं, इंजेक्शन बीजांडकोशावर पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) असेल तरच काम करतं. माजानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत दिलं तर वाया. मुळात चक्रच बंद असलेल्या हडकुळ्या गाईला दिलं तरी वाया. गाभण गाईला दिलं तर गर्भपात. म्हणजे हात घालून तपासल्याशिवाय द्यायचंच नाही. आणि गोठ्यातल्या गरोदर बाईने, दमा असलेल्या माणसाने त्या बाटलीला हात लावायचा नाही. ते औषध कातडीतून अंगात शिरतं.

स्त्रीबीज उशिरा सुटत असेल, म्हणजे माज दोन-दोन दिवस लांबत असेल, तर भरताना जीएनआरएच (स्त्रीबीज सोडवणारं हार्मोन) देण्याला अर्थ आहे. सरसकट नाही. वेळ बांधून रेतन करायचं तर आधी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, आणखी दोन दिवसांनी परत जीएनआरएच आणि त्यानंतर १६ ते २० तासांनी रेतन, माज दिसो न दिसो. दावणीच्या गोठ्यात ही पद्धत माज बघण्याचं ओझं काढून घेते. पण गाय अंगाने खंगलेली असेल तर तिचाही उपयोग नाही.

वाढ्याचा_भारा

अंगाने खंगलेली, तिथेच सगळं आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. ऊस पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च गाईच्या पुढ्यात काय असतं? वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि फक्त वाढे. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं. प्रथिनं नावाला. स्फुरद, तांबं, जस्त कमी. व्यायल्यावर दुधाचा जोर आणि पोटात वाढे, मग गाय स्वतःची चरबी जाळते. एक ते पाचच्या मापात (एक हडकुळी, पाच लठ्ठ) व्याताना अंग तीन ते साडेतीन हवं. त्यानंतर एका अंकाहून जास्त उतरलं की ती माजावरच येत नाही, आली तर राहत नाही. वाढे चुन्याच्या निवळीत भिजवून द्या, सोबत लसूणघास किंवा मका द्या, मोठ्या गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. हे न करता वळू आणा नाहीतर अमेरिकेतून स्ट्रॉ आणा.

उलट टोकही आहे. दूध वाढवायचं म्हणून सरकी पेंड आणि हिरवा घास नुसता ओतला की रक्तात युरिया वाढतो आणि पिशवीतलं वातावरण बिघडतं. गर्भ पहिल्या दोन आठवड्यांतच जातो, गाय बरोबर २१ दिवसांनी परत माजावर येते आणि सगळे म्हणतात रेतन चुकलं.

मुक्तगोठा

तुम्ही अजून राहिली-उलटली यावर अडकलात. खरा तोटा गोऱ्ह्याचा (नर वासराचा) आहे. गाय राहिली आणि गोऱ्हा झाला तर काय मिळवलं? संकरित गोऱ्हा औताला चालत नाही, ट्रॅक्टर आल्यावर औतच राहिलं नाही आणि २०१५ पासून राज्यात गोऱ्हे-बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. मोकाट सुटलेले गोऱ्हे कोणाच्या उसात शिरतात ते प्रत्येक गावाला माहीत आहे. उपाय एकच, सेक्स्ड सीमेन, म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून निवडलेलं रेत. दहात नऊ कालवडी. सगळ्या गाईंना हेच भरा. वळूचा वाद इथेच मिटतो.

गन_आणि_शीथ

सगळ्या गाईंना? त्या स्ट्रॉमध्ये वीस लाख शुक्राणू असतात हे माहीत आहे ना? साध्या स्ट्रॉचा दहावा हिस्सा. वर ते रंग लावून, लेझरसमोरून एकेक करून निवडलेले, म्हणजे आधीच थकलेले. मी सांगून सांगून दमलो की उलटणाऱ्या गाईला हे भरू नका. मालक म्हणतो, आता चौथ्यांदा भरायचंच आहे तर कालवडीचं भर. आणि उलटली की महागाची स्ट्रॉ वाया गेली म्हणून मलाच बोलणी.

मुक्तगोठा

भीती दाखवू नका, हिशेब करा. साध्या स्ट्रॉने शंभर रेतनांत ४० राहिल्या तर कालवडी २०. सेक्स्डने त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ३० राहिल्या असं धरा, तर कालवडी २७. सात कालवडी जास्त आणि १७ गोऱ्हे कमी. कोण म्हणतं तोटा आहे?

नीरेकाठ

हिशेब अर्धाच केलात. दहा गाई जास्त उलटल्या, त्यांचे प्रत्येकी निदान २१ दिवस गेले. माज हुकला तर ४२. व्यायल्यापासून ८५ दिवसांत गाय राहिली आणि २८० दिवसांनी व्यायली तर वर्षाला एक वेत. त्यापुढचा प्रत्येक दिवस भाकड खाण्याचा. तो खर्च कालवडीच्या किमतीतून वजा करा, मग बोला.

आणि तुमचा ४० चा आकडा चांगल्या गोठ्याचा आहे. ज्याच्याकडे साध्या स्ट्रॉनेच २० राहतात त्याला सेक्स्डने जास्तीत जास्त १५. वेळ चुकली तर त्याहून कमी, कारण थोड्या शुक्राणूंना उशीर किंवा घाई सोसत नाही.

मुक्तगोठा

ज्याचा गोठा वाईट त्याने आधी गोठा सुधारावा. त्याच्यासाठी बाकीच्यांनी का थांबायचं? प्रत्येक नव्या गोष्टीला तुम्ही लोक असेच आडवे येता. मग जन्मभर गोऱ्हेच पोसा.

देशी_दावण

‘तुम्ही लोक’ कोण? आणि गोऱ्हा जन्मालाच येऊ नये असं म्हणताना खिल्लारचा विचार केलात का? खिल्लारच्या खोंडाला आजही बाजारात किंमत आहे. त्याच्या मालकाला कालवडीइतकंच खोंड हवं असतं. तुमच्या एचएफच्या गोठ्याचं गणित साऱ्या महाराष्ट्रावर लादू नका. तुमच्या मशीनला देशी जातीचा बैल म्हणजे कचरा वाटतो, याचा मी निषेध करतो.

मुक्तगोठा

मी संकरित गाईंबद्दलच बोललो होतो. वर वाचा. खिल्लारला सेक्स्ड भरा असं कुठेही म्हटलेलं नाही. न वाचता निषेध करू नका.

पशुवैद्य_बालाघाट

दोघेही थांबा. सेक्स्ड सीमेन कुठे वापरायचं याचं उत्तर ठरलेलं आहे, त्यावर भांडण्यासारखं काही नाही. पहिली पसंती कालवड. संकरित कालवड २५० किलोच्या पुढे गेलेली, दोन माज नियमित दिसलेले, तिसऱ्याला भरायची. वजन छातीच्या टेपने मोजा, वयावर जाऊ नका. कालवडीच्या पिशवीत जुना जंतुसंसर्ग नसतो, दुधाचा ताण नसतो, आणि पोटात कालवड असेल तर पहिलटकरणीला व्यायलाही सोपं जातं, कारण मादी वासरू वजनाला थोडं कमी असतं. नंतर पहिल्या-दुसऱ्या वेतातली, जार (वार) वेळेत पडलेली, सोट स्वच्छ असलेली गाय, तीही पहिल्या रेतनाला. उलटणारी, जार अडकलेली, लंगडी, एप्रिल-मेच्या उन्हात धापणारी गाय असेल तर साधी स्ट्रॉ.

वेळही थोडी पुढे सरकवायची. हे शुक्राणू आत कमी तास टिकतात म्हणून स्त्रीबीज सुटण्याच्या जवळ भरायचं, माज सुरू झाल्यापासून १६ ते २४ तासांच्या पट्ट्यात. माज कधी सुरू झाला हे ज्याला सांगता येत नाही त्याने सेक्स्ड घेऊच नये. मुक्तगोठा, तुमच्या पद्धतीत गाई मोकळ्या फिरतात, चढलेलं दिसतं, म्हणून तुम्हाला जमतं. दावणीवाल्याला तुमचा सल्ला महागात पडेल.

मुक्तगोठा

ठीक आहे. ‘सगळ्या गाईंना’ हे शब्द मागे घेतो. कालवडींना भरा यावर ठाम आहे.

देशी_दावण

मूळ प्रश्नाचं काय झालं? वळू नको याचं कारण अजून कुणी दिलं नाही. माज ओळखतो, वेळ साधतो, शुक्राणू भरपूर. यातलं काय खोटं आहे?

पशुवैद्य_बालाघाट

यातलं काहीच खोटं नाही. पण न तपासलेला वळू गावभर फिरला की एका गाईचा ट्रायकोमोनास किंवा व्हिब्रिओ हा जननमार्गाचा संसर्ग पुढच्या सगळ्या गाईंना देतो. वळू स्वतः धडधाकट दिसतो आणि गाई राहून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टाकतात. ब्रुसेला (गर्भपात घडवणारा जंतू) गोठ्यात शिरला तर माणसालाही ताप धरतो. रेतकेंद्रातल्या वळूच्या क्षयरोग, ब्रुसेला, आयबीआर (एक विषाणूजन्य रोग), ट्रायको, व्हिब्रिओ या तपासण्या ठरावीक काळाने होतात. गावचा वळू कोण तपासतो? शिवाय तीन वर्षांत त्याच्याच कालवडी माजावर येतात आणि बाप-लेकीचा संकर सुरू होतो. वळू बदलण्याची शिस्त कुठल्या गावात टिकली ते सांगा. आणि वळूचं रेतच कमकुवत निघालं तर एक गाय उलटत नाही, गावातल्या चाळीस-पन्नास गाई उलटतात, आणि ते कळायलाच हंगाम जातो.

रेतन दारात नेल्यावर लोक ते घेतात हे उरुळीकांचनला १९६७ साली मणिभाई देसाईंनी सुरू केलेल्या बाएफ संस्थेने दाखवून दिलंय. आता प्रश्न दारात गेल्यावर काम कसं होतं याचा आहे.

देशी_दावण

रोगाचा आणि बाप-लेकीचा मुद्दा मान्य करावा लागतो. तरी जिथे रेतक पोचतच नाही अशा डोंगरी भागात वळू हाच मार्ग राहतो. तिथे वळू तपासून देण्याची व्यवस्था मागा, बंदी मागू नका.

नीरेकाठ

डोंगरी भागापुरतं, तपासलेला आणि तीन वर्षांच्या आत बदललेला वळू असेल तर माझी हरकत नाही. फिरणाऱ्या पोस्टमध्ये असं काही म्हटलेलं नव्हतं.

आणि माज ओळखायलाच वळू हवा असेल तर मुक्त गोठ्यात नसबंदी केलेला वळू सोडता येतो. हनुवटीखाली रंगाचा पट्टा बांधला की ज्या गाईवर चढला तिच्या पाठीवर खूण उमटते. पहाटे पाठी बघायच्या आणि फोन लावायचा.

पशुवैद्य_बालाघाट

चालेल, पण शस्त्रक्रियेनंतर लगेच सोडायचा नाही, काही आठवडे नळीत आधीचे शुक्राणू उरतात. आणि तो खरोखरच उडतो, म्हणून रोग पसरवण्याचा धोका त्यालाही तेवढाच आहे. तपासणी याचीही करावी लागेल. दहा-बारा गाईंच्या गोठ्याला हा खर्च परवडत नाही. तिथे रात्री दहाला आणि पहाटे पाचला वीस-वीस मिनिटं गोठ्यात नुसतं उभं राहायचं, वैरण न टाकता, कारण वैरण टाकली की गाई खाण्यात गुंततात आणि माज दिसत नाही.

गन_आणि_शीथ

एक राहिलं. गाभण असूनही काही गाई माज दाखवतात, शंभरात तीन-चार तरी. मालक म्हणतो उलटली, भरा. सरळ गन आत घातली तर तोंडावरचं सील फुटून गर्भ जातो. गेल्या वेळची रेतनाची तारीख ४०-४५ दिवसांपूर्वीची असेल तर मी आधी हात घालून बघतो. शंका आली की गन कड्यांच्या मध्यावरच थांबवतो, पुढे नेत नाही. यात माझी दहा मिनिटं जास्त जातात, आणि तेवढ्यात मालक दुसऱ्याला फोन लावायला घेतो. तो लावू नका.

वाढ्याचा_भारा

आणि रेतनाला साठ दिवस झाले की गर्भतपासणी करून घ्या. ‘माजावर आली नाही म्हणजे राहिली’ असं समजून सहा महिने खाऊ घातलेल्या रिकाम्या गाई ऊस पट्ट्यात गावोगाव आहेत.